स्टार्टरच्या पेटीतील मायक्रोकंट्रोलर : ओळख, काम आणि काळजी

(वाशीम जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी बियाणे, खत किंवा फवारणी यांवर बोलणार नाही. आपल्या विहिरीवरील स्टार्टरच्या पेटीत, सौर पंपाच्या नियंत्रकात आणि महसूल मंडळातील हवामान केंद्रात बसलेल्या एका लहान वस्तूविषयी बोलणार आहे. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी तिच्यासाठी पैसे मोजले आहेत; पण ती काय करते, हे विक्रेत्याने सांगितले तेवढेच आपल्याला माहीत असते. मोटार जळते की वाचते, हरभऱ्याला पाणी वेळेवर मिळते की नाही आणि मंडळातील अतिवृष्टीची नोंद बरोबर होते की नाही, हे आता काही अंशी या वस्तूवर अवलंबून आहे. म्हणून तिचे काम मुळापासून समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय?

हिशेब करणारा भाग, सूचना साठवणारी स्मृती आणि बाहेरून माहिती घेणारे व बाहेर हुकूम देणारे पाय, हे सर्व एकाच चिपमध्ये बसविले की मायक्रोकंट्रोलर तयार होतो. इंटेल कंपनीचा 8051 हा प्रसिद्ध मायक्रोकंट्रोलर 1980 साली आला. त्याच रचनेच्या चिप आजही वापरात आहेत.

घरातील संगणक अनेक कामे करतो. मायक्रोकंट्रोलर मात्र ज्या यंत्रात बसविला, त्या यंत्राचे ठरलेले काम करीत राहतो. अशा व्यवस्थेला एम्बेडेड सिस्टीम म्हणतात. तिचे तीन भाग ध्यानात ठेवा. सेन्सर माहिती देतो, मायक्रोकंट्रोलर ती ताडून पाहतो आणि रिले प्रत्यक्ष मोटार चालू किंवा बंद करतो.

हा मायक्रोकंट्रोलर पक्का सांगकाम्या आहे. त्याला पाणी, माती किंवा पीक कळत नाही. फक्त आकडा कळतो. सेन्सरकडून येणाऱ्या 0 ते 5 व्होल्टच्या दाबाचे तो, उदाहरणार्थ, 1024 भाग करतो आणि 0 ते 1023 मधील एक आकडा वाचतो. त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे माणसाने आधी सांगून ठेवावे लागते. सांगणे चुकले, तर तो चुकीचे काम न थकता करीत राहतो.

मोटारीचे संरक्षण

पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. चालू असताना एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजवर भार येऊन करंट सुमारे पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग जळते. उलट, विहीर आटून पंप कोरडा चालू लागला, तर करंट कमी होतो. मायक्रोकंट्रोलर सतत करंट मोजतो आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेल्यास रिले सोडून मोटार बंद करतो.

या मर्यादा कारखान्यातून आल्या तशाच ठेवू नयेत. मोटार पूर्ण पाणी फेकत असताना वायरमनकडून क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्यावा आणि त्यावरून मर्यादा ठरवाव्यात.

वीज येताच मोटार आपोआप चालू करणारे साधे ऑटो स्विच वापरू नयेत, असे आवाहन महावितरण नेहमी करते. त्याचे कारण साधे आहे. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. एका रोहित्रावरील वीस मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्र जळू शकते आणि ऐन घाटे भरण्याच्या वेळी सगळ्यांचेच पाणी थांबते.

मोबाईल स्टार्टर

पैनगंगेवरून लांब पाइपलाइन टाकून पाणी आणणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. रात्री वीज आली की काठापर्यंत अंधारात जावे लागते. या अडचणीवर पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे साधन तयार केले. त्याला 2009 साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आज अशी अनेक साधने बाजारात आहेत.

मात्र येथे एक धोका आहे. एक भाऊ विहिरीवर मोटार दुरुस्त करीत असेल आणि दुसऱ्याने घरून फोनवर बटण दाबले, तर जीव जाईल. म्हणून मोटारीला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढावेत आणि ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. घरातील प्रत्येकाला हा नियम माहीत असावा.

सिरियल पद्धतीने बोलणे

पेटीतील मायक्रोकंट्रोलरला मोबाईलच्या भागाशी बोलावे लागते. त्यांच्या भाषेत एक अक्षर म्हणजे आठ खुणा. प्रत्येक खूण 0 किंवा 1. तिफण एकदम तीन ओळी पेरते, तशा आठ तारांतून आठही खुणा एकदम पाठविता येतात. पण तारा वाढतात, खर्च वाढतो. सरत्याने एकच ओळ पेरावी, तशा एका तारेतून एकामागून एक खुणा पाठविणे म्हणजे सिरियल पद्धत.

या पद्धतीत वेग आधी ठरवावा लागतो. 9600 हा वेग म्हणजे सेकंदाला 9600 खुणा. प्रत्येक अक्षराला सुरुवातीची एक, मधल्या आठ आणि शेवटची एक अशा दहा खुणा लागतात. म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे जातात. सरत्यावरील बाईची मूठ एका गतीने आणि बैल दुसऱ्याच गतीने चालले, तर पेर पातळ-दाट होते. तसेच एक भाग 9600 वर आणि दुसरा 4800 वर ठेवला, तर अक्षरांचा नुसता घोळ होतो. पेटी बदलल्यावर ‘यंत्र बोलत नाही’ अशी तक्रार आली, तर वेग आणि तारांची अदलाबदल या दोन गोष्टी प्रथम तपासाव्यात.

लांब अंतरासाठी आरएस-485 ही पद्धत वापरतात. यात पीळ दिलेल्या दोन तारांतील फरक वाचला जातो. बाहेरचा विद्युत त्रास दोन्ही तारांना सारखाच होत असल्याने फरकावर त्याचा परिणाम कमी होतो. वेग कमी ठेवल्यास सुमारे 1200 मीटरपर्यंत संदेश जातो. तरीही ही तार मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये.

काळ्या जमिनीतील ओलावा सेन्सर

आपली भारी काळी जमीन वाळली की भेगाळते. सेन्सरची पट्टी भेगेत उघडी पडली, तर ती मातीऐवजी हवा मोजते आणि ओल असतानाही ‘कोरडे’ असा आकडा देते. सांगकाम्या लगेच पाणी सोडतो. हरभऱ्याला असे जादा पाणी मिळाल्यास पीक नुसते माजते, घाटे कमी लागतात आणि मर रोगालाही वाव मिळतो. दोन पाणी देता येत असेल, तर पहिले फांद्या फुटताना 30 ते 35 दिवसांनी आणि दुसरे घाटे भरताना 65 ते 70 दिवसांनी, हा हिशेब सेन्सर असला तरी सोडू नये.

सेन्सर मुळांच्या खोलीवर, माती घट्ट दाबून बसवावा. त्याचा आकडा आपल्या मातीशी ताडून घ्यावा. त्यासाठी सेन्सरजवळची माती घेऊन ओली असताना वजन करावे आणि प्रयोगशाळेत 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून पुन्हा वजन करावे. 100 ग्रॅम माती वाळून 80 ग्रॅम भरली, तर 20 भागिले 80, म्हणजे ओलावा 25 टक्के. त्या वेळी सेन्सरने कोणता आकडा दाखविला, तो लिहून ठेवावा. ओल्या, मध्यम आणि कोरड्या मातीचे असे तीन आकडे मिळाले की सेन्सर आपल्या शेताचा झाला.

हवामान केंद्राचा पर्जन्यमापक

महावेध प्रकल्पातून 2017 पासून राज्यात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रांत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली तराजूसारख्या दोन वाट्या असतात. एक भरली की कलते, पाणी सांडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलण्याला मायक्रोकंट्रोलर एक खूण मोजतो. एक कलणे 0.5 मि.मी.चे असेल, तर 65 मि.मी. पावसाला 130 वेळा कलावे लागते. मंडळात 24 तासांत 65 मि.मी.पेक्षा अधिक पाऊस हा अतिवृष्टीचा निकष आहे, हे आपण जाणता. नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली, तर वाट्या कमी वेळा कलतात आणि नोंद कमी पडते.

म्हणून प्रत्येक गावात एक साधा पर्जन्यमापक असावा. तो झाडे व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस वहीत लिहावा. ही नोंद सरकारी ठरत नाही. परंतु केंद्राचा आकडा फार वेगळा असल्यास तारखेसह लेखी तक्रार करण्यास ती उपयोगी पडते.

खरेदी करताना

1. मोबाईल स्टार्टर 2जी वर चालतो की 4जी वर, हे विचारावे. सर्वच कंपन्यांची 2जी सेवा नाही. विहिरीवर कोणत्या सिमला रेंज आहे, ते आधी पाहावे.
2. हुकूम दिल्यावर ‘मोटार चालू झाली’ असा उलट संदेश येतो का, हे तपासावे. हा संदेश प्रत्यक्ष करंट मोजून आलेला असावा.
3. वीज आल्यावर थांबण्याचा वेळ बदलता येत असावा. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी तो आपसात ठरवून वेगवेगळा ठेवावा.
4. पेटी बंद पडल्यास मोटार हाताने चालविण्याची सोय असावी.
5. अर्थिंग चांगले करून घ्यावे. पेटी पाऊस, मुंग्या आणि पालींपासून बंद ठेवावी.
6. मर्यादा, वेग आणि जोडणीचा कागद विक्रेत्याकडून मागून घ्यावा व जपून ठेवावा.

शेवटी एकच विनंती. आपल्या गावातील आयटीआय किंवा विज्ञान शिकलेल्या मुला-मुलींना हे काम शिकू द्या. 2005 साली इटलीत सुरू झालेल्या अर्डुइनोसारख्या शिकाऊ बोर्डामुळे त्याचा सराव घरी, कमी खर्चात करता येतो. ऐन हंगामात पेटी बिघडली आणि दुरुस्तीसाठी अकोल्याला किंवा पुण्याला पाठवावी लागली, तर पीक थांबत नाही. गावातच दोन जाणकार तयार झाले, तर ते पाणी वेळेवर सुरू होईल.