लेखणीला मिळालेली रोजंदारी

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही दिवसांपूर्वी एका पालकांनी मला वाटेत थांबवून विचारले, "सर, पोरगा म्हणतो मी लेखक होणार. लिहून पोट भरतं का?" मी हसून वेळ मारून नेली. तो प्रश्न मनात राहिला, म्हणून आज त्याच विषयावर चार शब्द बोलणार आहे. उदाहरण मात्र फार दूरचे, अमेरिकेतले आहे.

1929 साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पाहता पाहता बँका बुडाल्या, गिरण्या बंद पडल्या. 1933 च्या सुमारास त्या श्रीमंत देशात काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे एक बेकार होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1935 मध्ये सरकारी कामांची मोठी योजना काढली. रस्ते, पूल, शाळा बांधायच्या आणि बेकारांना रोजगार द्यायचा. आपल्याकडची रोजगार हमी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन समजेल. पण फावडे चालवणाऱ्याला काम मिळाले. लेखणी चालवणाऱ्याने काय करायचे? वर्तमानपत्रे बंद पडली होती, प्रकाशक पुस्तके घेत नव्हते. योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचे मत स्वच्छ होते. लेखक-कलावंतांनाही इतरांसारखेच पोट असते. मग त्याच वर्षी खास लेखकांसाठी एक शाखा निघाली आणि हेन्री आल्सबर्ग नावाचे पत्रकार तिचे संचालक झाले. भरात असताना तिथे साडेसहा हजारांच्या आसपास माणसे कामाला होती.

ही सगळी लेखक होती असे मात्र समजू नका. बेकार शिक्षक, ग्रंथपाल, वकील, बातमीदार, कारकून अशी भरती होती. बहुतेकांना आधी आपण कंगाल आहोत हे सरकारदरबारी सिद्ध करावे लागे. शिकल्यासवरल्या माणसाला ते किती जड गेले असेल, हे पालकांना सांगायला नको. पगार न्यूयॉर्कमध्ये महिना 100 डॉलरच्या आसपास, दक्षिणेकडे त्याहून बराच कमी. आणि काम? कथाकादंबऱ्या लिहिण्याचे नव्हे. प्रत्येक राज्याची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ तयार करायचा : रस्ते, गावे, इतिहास, पिके, म्हणी, खाणेपिणे. आपल्या जिल्हा गॅझेटियरचा चुलतभाऊच म्हणा. आयडाहो राज्याचा ग्रंथ 1937 च्या जानेवारीत पहिला बाहेर पडला, आणि पुढे अठ्ठेचाळीसही राज्यांचे झाले.

टीका खूप झाली. सरकारी पैशाने आळशी पोसले जातात, त्यात कम्युनिस्ट घुसले आहेत, असे आरोप झाले. 1938 मध्ये संसदेच्या एका समितीने चौकशी आरंभली, 1939 मध्ये आल्सबर्ग यांना काढले, काम राज्यांकडे गेले आणि 1943 मध्ये सारेच संपले. सगळी टीका खोटी होती असे मी म्हणणार नाही. साडेसहा हजारांत कामचुकारही असणारच.

आता विद्यार्थी मित्रांनी नीट ऐकावे. त्या रोजंदारीवर रिचर्ड राइट नावाचा एक गरीब कृष्णवर्णीय तरुण होता. शाळा नववीपर्यंत. 1940 साली त्याच्या 'नेटिव्ह सन' कादंबरीने देश हलवला. राल्फ एलिसन हार्लेम वस्तीत दारोदार जाऊन लोकांच्या गोष्टी उतरवून घेत असे. एका माणसाने त्याला, आपल्या मर्जीने अदृश्य होणाऱ्या एका कृष्णवर्णीयाची गोष्ट सांगितली. एलिसनची 1952 ची प्रसिद्ध कादंबरी आहे 'इनव्हिजिबल मॅन'. शिकागोच्या कार्यालयातला सॉल बेलो याला 1976 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मला ही मोठी नावे तितकीशी महत्त्वाची वाटत नाहीत. 1936 ते 1938 या काळात या लोकांनी, गुलामगिरीत जन्मलेल्या आणि अजून हयात असलेल्या म्हाताऱ्यांना गाठले. गुलामगिरी 1865 साली संपलेली. म्हणजे ही माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढची. अशा 2,300 हून अधिक कहाण्या लिहून ठेवल्या गेल्या. लिहिणारे बहुतेक गोरे, काही ठिकाणी तर जुन्या मालकाच्याच घराण्यातले. सरकारी माणूस आला आहे, पेन्शन मिळेल, अशीही आशा काहींना होती. तेव्हा म्हातारे जपून बोलले. ते वाचताना आपणही जपून वाचावे लागते. तरीही उशीर झाला असता तर तेवढेही उरले नसते.

जॉर्जिया राज्याच्या शाखेने किनाऱ्यावरच्या वस्त्यांत फिरून 'ड्रम्स अँड शॅडोज' हे पुस्तक केले, ते 1940 मध्ये निघाले. त्यात सापेलो बेटावरची एक वृद्ध स्त्री आपल्या पणजोबांविषयी सांगते. नाव बिलाली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. ते आणि त्यांची बायको सूर्य उगवताना, डोक्यावर आला की आणि मावळताना, वेळ न चुकवता, लहानशा चटईवर गुडघे टेकून प्रार्थना करीत. हातात लांब दोऱ्यात ओवलेले मणी. तिची आजी डोक्यावरून सैल पांढरे वस्त्र घेई. वर्षातून एका ठराविक दिवशी ती तांदळाच्या चपट्या वड्या करून सगळ्या मुलांच्या हातावर ठेवी. त्या खाऊला ती 'सराका' म्हणे.

लिहिणाऱ्याने कानावर पडला तसा तो शब्द उतरवला. आपल्या भगिनींनी तो एव्हाना ओळखला असेल. तो 'सदका' आहे, हे पुढे अभ्यासकांनी सांगितले. याच बिलालींनी मागे ठेवलेली तेरा पानांची अरबी वही आजही जॉर्जियात जपून ठेवलेली आहे. तिच्यात वुजू आणि नमाजचे नियम आहेत. पण ती वही त्यांच्या घरातल्या चालीरीती सांगत नाही. त्या कळल्या त्या रोजंदारीवरच्या माणसांमुळे.

त्या पालकांना माझे उत्तर एवढेच : पोट भरेल की नाही, मी हमी देत नाही. मुलाला आधी दुसरे एखादे काम शिकू द्या. पण या सुट्टीत त्याला एक वही देऊन त्याच्या दादीकडे किंवा नानीकडे बसवा. नाव, गाव, वय, तारीख वर लिहायची. ती जो शब्द जसा बोलेल तसाच उतरवायचा, शाळेतल्या भाषेत सुधारायचा नाही. वह्या भरून आल्या तर मला दाखवा, मी आवडीने वाचीन.