दुभाष्या संताच्या गावात



स्वागताध्यक्षाची कामं दोनच. पाहुण्यांना बसवायचं आणि गावाची बढाई मारायची. पहिलं उरकलं आहे. दुसऱ्या कामात वसईकर सहसा आखडता हात घेत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वसईत पत्ता विचारला की संत भेटतात. रमेदी, मर्सेस ही नावं आज ऐकायला अगदी इथल्याच मातीतली वाटतात, पण ती आहेत मरियेची पोर्तुगीज बिरुदं. एकात व्याधीवरचा उपाय आहे, दुसऱ्यात कृपा. चर्चच्या दारावरची ही बिरुदं पिढ्यान् पिढ्या केळीच्या वाड्यांतल्या माणसांच्या तोंडी घोळली आणि त्यांची गावं झाली. बाकी सांडोरला थॉमस, आगाशीला जेम्स, माणिकपूरला मायकल. सगळे बाहेरून आलेले. पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले.

घरच्या संताला मात्र ताटकळावं लागलं. गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग व्यापारात पडला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो पुन्हा जपानला परतला तो दुभाष्या म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीसमोर बोलायचं ते त्यानेच. चार वर्षांनी त्याच हिदेयोशीच्या हुकमाने धरपकड झाली. क्योटोत त्याच्यासह सगळ्या कैद्यांचे डावे कान कापले गेले, ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवलं. १६२७ मध्ये तो धन्यवादित झाला आणि १८६२ मध्ये संत. भारतात जन्मलेला पहिला संत. आज गासचं चर्च आणि वसईतलं एक महाविद्यालय त्याचं नाव लावतं. ज्या भूमीने त्याला जन्म दिला तिच्या मानाने हे थोडंच, असं स्वागत समितीचं स्पष्ट मत आहे.

दुभाष्याला सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. गोव्यातल्या म्हापशाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथल्या चर्चचा आश्रयदाता जेरोम, म्हणजे बायबल लॅटिनमध्ये आणणारा, भाषांतरकारांचा संत. पण फेस्ताला लोटणारी गर्दी येते मिलाग्रीस सायबिणीकडे. लोककथेत ती लईराई देवीची बहीण, म्हणून हिंदू भाविकही तेल घेऊन येतात. मुंबईतल्या माहीमचं चर्चही असंच: नाव संत मायकलचं, आणि १९४८ पासून दर बुधवारी रांगा लागतात नोव्हेनासाठी, मरियेपुढे. धर्मग्रामाच्या पाटीवर एक नाव आणि लोकांच्या मनात दुसरं, याची तक्रार मायकलने अजून तरी केलेली नाही.

आता पुन्हा वसईकडे. १७३९ मध्ये मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. मेणवली आणि भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात. किल्ल्यातली चर्च ओस पडत गेली, बाहेरचे धर्मग्राम मात्र टिकले. सामवेदी आणि वाडवळी घरात बोलायची, वेदीवर लॅटिन ऐकायची, असा संसार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत चालला. मग मिस्सा मराठीत आली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत सिद्ध केलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. नावावर दुभाष्याचा शिक्का नसला, तरी हे काम गोन्सालोच्याच घराण्यातलं.

उद्या सकाळी पाहुण्यांना किल्ल्यात नेण्याची व्यवस्था केली आहे. तिथल्या पडक्या चर्चमध्ये छत नाही, म्हणून डोक्यावर टोपी हवी. आणि निघताना प्रत्येकाच्या पिशवीत सुकेळ्यांचा एकेक पुडा ठेवला जाईल. तो गाडीतच संपतो, असा आजवरचा अनुभव. तेव्हा घरच्यांसाठी दुसरा पुडा लागणार असेल, तर आज संध्याकाळपर्यंत समितीला सांगावं.