बुटकी शेळी आणि घरची मजुरी



युनियनच्या माणसाने या व्यासपीठावरून शेळ्यांवर बोलावे, आणि त्याही अमेरिकेतल्या शेळ्यांवर, हे पाहून पहिल्या रांगेतल्या कुणाला उंटावरून शेळ्या हाकण्याची म्हण आठवली असेल, तर आम्ही रागावणार नाही. पण विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. अलीकडे कुठेही कारखाना बंद पडला, की थकलेला पगार मागणाऱ्या कामगाराला एक सल्ला फुकट मिळतो: "गावी जा, शेळ्या पाळा, अमेरिकेत लहान लहान शेळ्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जगतात." आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि जो दाखला आमच्या लोकांच्या तोंडावर फेकला जातो, तो मुळापासून वाचून काढावयाचा, ही आमची जुनी खोड आहे.

या शेळीचे नाव नायजेरियन ड्वार्फ. मूळ पश्चिम आफ्रिकेचे. गेल्या शतकात तिचे पूर्वज बोटीने अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत पोहोचले. पुढे निवड होत होत त्यांतून दोन वाण निघाले. एक आखूड पायांचे, गोल अंगाचे. दुसरे दुभत्या जनावराच्या बांध्याचे. या दुसऱ्या वाणाला अमेरिकन डेअरी गोट असोसिएशन या १९०४ पासूनच्या संस्थेने २००५ साली दुभत्या शेळ्यांच्या पंक्तीत बसवले. मादीची उंची खांद्याशी साडेबावीस इंचांच्या वर जाता कामा नये, असा दंडक आहे. म्हणजे आपल्या गुडघ्याच्या जरा वर एवढेच जनावर!

पण या जनावराला हसू नये. चांगली शेळी दिवसाला लिटर-दीड लिटर दूध देते आणि त्या दुधात स्निग्धांश शेकडा ६ च्या वर असतो. सानेन नावाची स्विस शेळी दूध पुष्कळ देते. पण तिचा स्निग्धांश शेकडा ३ ते साडेतीन. बुटकीचे दूध म्हशीच्या दुधाकडे झुकणारे. दुसरी गोष्ट आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते. स्विस शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, साऱ्या वसंतात वितात आणि हिवाळ्यात साऱ्या एकदमच आटतात. बुटकी बारा महिने माजावर येते, साधारण एकवीस दिवसांनी. गाभणपण पाच महिन्यांचे. तेव्हा ज्या घरी दोन शेळ्या आहेत, त्या घराने सहा महिन्यांच्या अंतराने त्या भरवून घेतल्या तर चुलीवरचे दूध वर्षभर तुटत नाही. जुळी तर नेहमीचीच. तिळीही पुष्कळदा होतात.

मोठी शेळी ठेवणाऱ्यांनी मग बुटका बोकड वापरून लहान वाण काढण्याचा उद्योग सुरू केला. बोकड बुटका आणि मादी मोठी, असाच जोड लावतात; उलटा लावला तर करडू मोठे निघून लहान मादी विताना अडते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून उंची लहान राखावयाची आणि कास मोठीची आणावयाची. त्यांतल्या मिनी न्यूबियनचे लांब, लोंबते कान पाहिले, की आपल्याकडच्या माणसाला ओळख पटते. न्यूबियन हे इंग्लंडात तयार झालेले वाण. तिथल्या गावठी शेळ्यांवर पूर्वेकडचे बोकड घालून ते काढले, आणि त्या बोकडांत आपल्या उत्तर प्रदेशातली जमनापारी होती. प्रवासात दूध मिळावे म्हणून शेळ्या जहाजावर चढवीत. बंदरात उतरल्यावर त्या गोऱ्यांच्या गोठ्यात गेल्या. आमचे कोकणातले खलाशी त्याच वाटेने गेले. पण त्यांची वंशावळ कुणी जपली नाही. असो.

पैदाशीत एक मोठा फसवा खड्डा आहे. काही शेळ्या जन्मतःच बिनशिंगी असतात आणि शिंगे डागण्याचा त्रास वाचतो, म्हणून नवख्याला वाटते की नरमादी दोन्ही बिनशिंगी घ्यावीत. तसे केले की काही माद्या धड मादीही नसतात आणि नरही नसतात. त्या कधीच वीत नाहीत. म्हणून जाणता पाळणारा जोडीतले एक जनावर शिंगांच्या वाणाचेच ठेवतो. करडांतले नर दोन महिन्यांचे होताच वेगळे बांधावे लागतात, नाहीतर आई आणि बहिणी नको तेव्हा गाभण राहतात.

आता हिशेबाकडे वळू. आमचा खरा रस तिथे आहे. दुधावर ते कुटुंब जगते काय? कच्चे दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यास अमेरिकेत १९८७ पासून केंद्रीय बंदी आहे. राज्याच्या आत नियम निरनिराळे, आणि रीतसर दूध तापवून विकावयाचे तर यंत्रसामग्रीचा खर्च चार-सहा शेळ्यांना पेलत नाही. म्हणून दूध घरात जाते, त्याचे चीज आणि साबण होतो. रोकड येते ती नोंदणी झालेल्या माद्या विकून. त्या घेतो कोण? ज्याला पुढे माद्याच विकावयाच्या आहेत असा दुसरा हौशी! अशा व्यापारात शेवटी घेणारा संपतो. आपल्याकडे इमूची पिल्ले विकणाऱ्यांच्या योजना २०१२ च्या सुमारास बसल्या, ते पाहिलेल्यांना अधिक सांगावयास नको. निम्मी करडे नर निपजतात, त्यांचे त्या घराला ओझेच होते.

शिवाय बारा तासांच्या अंतराने दोन धारा, सुट्टी नाही, रविवार नाही. हे काम करतो कोण? घरची बाई आणि मुले. अमेरिकेत १९३५ च्या कामगार संघटनांच्या कायद्यातून शेतमजूर वगळला गेला, १९३८ च्या कायद्याने त्याला जादा तासांच्या दुप्पट सोडाच, दीडपट मजुरीचाही हक्क दिला नाही. आणि आईबापांच्या शेतावर राबणाऱ्या मुलाला तर केंद्राच्या कायद्याने वयाची अटही नाही. कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क दिला तो १९७५ साली, तोही सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांच्या लोकांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर. "घरच्यांचीच मजुरी, ती कसली धरायची?" हे वाक्य इकडेही ऐकू येते. आम्ही ती धरतो. ती धरली, की पुष्कळशा रँचांचा नफा वहीतून नाहीसा होतो, आणि अनेक कुटुंबांत कुणीतरी बाहेर नोकरी करून हा गोठा पोसत असतो.

तेव्हा शेळी वाईट काय? मुळीच नाही. आपल्या धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी, संगमनेरी, विदर्भातली बेरारी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही जनावरे आपल्या उन्हातान्हात, आपल्या पाल्यावर तगलेली आहेत. आणि इथला हिशेब अमेरिकेच्या नेमका उलटा आहे: तिकडे नर नकोसा, इकडे पैसा बोकडाचा आणि दूध पोरांच्या चहापुरते. भूमिहीन बाईच्या हातात अडीनडीला विकता येईल असे काही असावे, तर शेळीसारखी वस्तू नाही. पण ती पगाराशेजारी उभी राहते, पगाराच्या जागी नाही. थकलेले वेतन आणि ग्रॅच्युइटी यांच्या बदल्यात शेळी देऊ करणाऱ्याला आमचे उत्तर हेच, की आधी देणे चुकते करा, शेळी आम्ही आमच्या पैशाने घेऊ.

आमच्या काही सभासदांनी ती घेतलीही आहे. प्रत्येकाने बोकड ठेवणे परवडत नाही, म्हणून सात घरांनी वर्गणी काढून चांगल्या वाणाचा एक बोकड आणावयाचे ठरवले आहे. दोन वर्षांनी तो बदलावयाचा, म्हणजे बापलेकींचा संकर होत नाही. कोणती शेळी कधी भरवली आणि किती करडे झाली, हे लिहावयाची वही एका सभासदाच्या मुलीकडे आहे. तिचे अक्षर आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले. पैसे जमले आहेत. आता वाद एवढाच उरला आहे, की बोकड बांधावयाचा कोणाच्या दारात, कारण त्याचा वास दुधाला लागतो आणि शेजाऱ्यालाही. त्यासाठी येत्या रविवारी सभा बोलावली आहे.