कोरड्या आभाळातले वायपर

कोरड्या आभाळात पाऊस पाहायची खोड कवीला असते. गाडीला का असावी? नायगावात भर मे महिन्यात मुलाच्या गाडीचे वायपर आपोआप फिरायचे, आम्ही हसायचो. जूनमध्ये अम्मीला नांदेडला दवाखान्यात नेताना, धो धो पावसात मात्र ते हललेच नाहीत. समोरचा ट्रक दिसेना, तेव्हा मुलानं घाईनं दांडी ओढली.

मिस्त्रीनं आरशामागचं झाकण काढलं. तिथला सेन्सर काचेत अदृश्य प्रकाश सोडतो. काच कोरडी असली की तो परत येतो, थेंब असला की थोडा बाहेर निसटतो. मागं काच बदलली, तेव्हा मधल्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता. नवं जेल लावून त्यानं बाटलीनं पाणी शिंपडलं, वायपर फिरले.

घरी अम्मी मुलाला म्हणाली, "ती दांडी कुठंय, मलाही दाखवून ठेव."