मुलांचे आकाश आणि आपले कर्तव्य



अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव आपणां सर्वांस ठाऊक आहे. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे त्याचे दिवस. आकाश निरभ्र असल्यास मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यात शिरून देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. आपण भक्तिभावाने हात जोडतो. परंतु शेजारचे मूल ‘हे याच दिवशी का?’ असे विचारते, तेव्हा त्यास गप्प बसविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

उत्तर अवघड नाही. सूर्य रोज नेमका पश्चिमेस मावळत नाही. हिवाळ्यात त्याचे मावळण्याचे स्थान दक्षिणेकडे सरकते आणि २१-२२ डिसेंबरनंतर पुन्हा उत्तरेकडे परतते. म्हणून त्या दिवसाच्या सुमारे ४१ दिवस आधी व तितक्याच दिवसांनंतर तो क्षितिजावर जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो.

हे मुलास स्वतः पडताळता येते. स्टेलेरियम हे आकाशदर्शनाचे साधन इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्यात कोल्हापूर हे स्थळ व दोन्ही तारखा घातल्या, की सूर्यास्ताची दिशा समोर दिसते. पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांसाठी काम केलेले श्री. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची मराठी पुस्तकेही विनामूल्य वाचावयास मिळतात. त्या आयुकेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी आपल्या कोल्हापुरातच जन्मले, हेही मुलांस अवश्य सांगावे. विश्वाचा विचार करणारी माणसे परक्या मुलखातच निपजतात, हा समज त्यामुळे दूर होईल.

मात्र ज्या मोबाईलवर हे ज्ञान येते, त्याच मोबाईलवर ‘ग्रहणात गरोदर सुनेने अन्नपाणी घेऊ नये’ असे संदेशही येतात. एखाद्या सुनेस तासन्‌तास तहानलेले ठेवणारे हे अज्ञान निरुपद्रवी नव्हे. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ, हे ज्या मुलीस लहानपणी उमगले, ती उद्या आपल्या घरात असला जाच चालू देणार नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच, की मुलाच्या हाती नुसते यंत्र देऊन मोकळे होऊ नये. घटकाभर त्याच्याजवळ बसावे. यातील बरीच साधने इंग्रजीत आहेत. तेथे ज्ञातीतील पदवीधर तरुण-तरुणींनी दुभाषाचे काम करावे. आणि पडद्यावर ओळखलेला तारा त्याच रात्री मुलास गच्चीवर नेऊन दाखवावा. विद्यादानाचे याहून स्वस्त साधन आम्हांस तरी दिसत नाही.