मुलांसह अजब बंगल्यात

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. पण 'चला संग्रहालयात' असे आपल्या घरी कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'चला अजब बंगल्यात'. नाव मोठे समर्पक आहे. मात्र त्यातले 'अजब' मुलांच्या वाट्याला कितपत येते, याचा विचार आपण वडीलधाऱ्यांनी क्वचितच केला असेल.

दोष आम्ही स्वतःपासूनच सांगतो. एका रविवारी घरची तीन मुले घेऊन आम्ही तेथे गेलो. पक्षी, प्राणी, शस्त्रे, चित्रे, शिल्पे, सारे दोन तासांत उरकायचे होते. 'चला पुढे' आणि 'हात लावू नका' हे दोनच मंत्र आमच्या तोंडी. शिल्पांच्या दालनात धाकटा मागे राहिला. परतून पाहतो तो, हात तुटलेल्या एका दगडी मूर्तीसमोर तो तिच्यासारखाच कमरेत वाकून उभा! आपला हात कधी वर, कधी खाली धरून पाहत होता.

'हे काय चालले आहे?' आम्ही दरडावले.

'आजोबा, तिच्या हातात काय असेल ते शोधतो आहे.'

आम्ही गप्प झालो. आम्ही मूर्ती नुसत्या मोजल्या होत्या. पाहिली होती त्याने.

१८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. पुढे तेथे तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. त्यांतील काही वस्तू आपल्या अजब बंगल्यात आल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. विद्वान मागाहून आले. पहिली नजर मुलांची होती. 'चला पुढे' म्हणणारे कोणी त्यांच्याबरोबर नव्हते, हे आपले भाग्यच!

म्हणून आमची विनंती एवढीच: एका फेरीत एकच दालन पाहा. मूल थांबेल तेथे आपणही थांबा. पाटी वाचून दाखवण्याआधी त्याला विचारा, 'तुला काय दिसते?' 'हात लावू नको' म्हणताना कारणही सांगा. हातांच्या घामाने आणि तेलकटपणाने जुना धातू व दगड खराब होतात. कारण कळले की मूल स्वतःच राखणदार होते.

त्या मूर्तीच्या हाताचा शोध अजून पुरा झालेला नाही. पुन्हा जाऊ, तेव्हा धाकटा पुढे चालेल आणि आम्ही मागे.