बाहुलीचं चित्र कोण काढणार?

(बाहुलीनाट्य शिबिरात केलेलं भाषण)



बाहुलीचं चित्र कागदावर काढायचं की कॉम्प्युटरवर, असं सकाळी दोघी-तिघींनी विचारलं. मला वाटतं, त्याआधी ठरवायला हवं की चित्र काढणार कोण?

वस्तीतल्या गटात कॉम्प्युटर आला की काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. बारावी झालेली एक मुलगी पुढे बसते, बाकीच्या मागे उभ्या राहून ‘छान, छान’ म्हणतात. तयार चित्रांतून जी बाई निघते ती गोरीपान, मुठीएवढ्या कंबरेची. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यावरचा खेळ, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे निघालेली बाई मालिकेतली! आम्ही खाकी कागद जमिनीवर पसरला, तेव्हा भाजी विकणाऱ्या एका मावशींनी खोडरबर मागून घेतलं. चित्रातल्या बाईची मान खाली होती. ती त्यांनी पुसली आणि हनुवटी वर काढली. पडद्यावरच्या चित्राला त्यांनी हात लावला नसता. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही फ्लिपचार्ट वापरायला शिकलो, पण ते सगळे छापून आलेले!

म्हणून पहिलं चित्र कागदावरच. पेन्सिल टू-बी घ्या. एचबीची रेघ दुरून दिसत नाही, फोर-बीची हाताला लागून पसरते. हातात घालायच्या बाहुलीचं माप पुस्तकातून उचलू नका. जी ती नाचवणार तिचाच पंजा बोटं फाकवून कागदावर ठेवा, भोवती रेघ ओढा, आणि हाताची जाडी व शिलाई मिळून दोन-अडीच सेंटिमीटर सोडा.

छाया-बाहुलीचं गणित वेगळं. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांमधून रंग दिसतो. आपल्या पुठ्ठ्यातून दिसणार नाही. दिसते ती फक्त बाहेरची कड आणि कापलेली भोकं. तेव्हा चित्र आतून काळं भरून बघा. बाईचा पदर ओळखू येतो का? नाक-हनुवटी कळते का? खांदा, कोपर इथले तुकडे एकमेकांवर चढतील असे ट्रेसिंग पेपरवर वेगवेगळे काढा, टाचणीने जोडा, हलवून पाहा.

कॉम्प्युटरला माझा विरोध नाही. तोच नमुना पाच गावांना पाठवायचा तर त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. कागदाचा बरोबर वरून फोटो घ्या, इंकस्केपमध्ये टाका, त्यावर रेघा ओढा. ते फुकट मिळतं, आणि त्यातली रेघ कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. क्रिटाही फुकटच, पण रंगवण्यासाठी चांगलं. तिथलं चित्र ठिपक्यांचं, फार मोठं केलं की कडा भुरकटतात. छापण्याआधी कोपऱ्यात १० सेंटिमीटरची रेघ काढा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर कधीकधी पानात बसवायला चित्र गुपचूप आक्रसतो, मग बाहुली शिवून होते पण तिच्यात हात जात नाही.

पेन्सिली त्या टोपलीत आहेत, खोडरबरं चारच आहेत. चार-चारजणींचे गट करा, आणि ज्यांनी शाळेनंतर चित्र काढलेलं नाही त्यांनी आधी पेन्सिल घ्या.